बाईंचं हँग ऑन

डावा हात खांद्याइतका वर, पंजा समोरच्याकडे आणि तोंडात "हँग ऑन". आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बाईंची ही लकब ज्यानं एकदा पाहिली तो विसरला नाही. फोनवरच्या माणसाला हात दिसत नाही, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. तरी करायच्या. आणि बोर्डावरून उठल्या तरी सवय काही उठायची नाही. चहावाला कप न्यायला आला, हँग ऑन. जैनथला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला, की इकडून धावत येणाऱ्या बाईंचा हात वर, हँग ऑन! आणि गंमत म्हणजे बस थांबायची.

राज्य आंध्राचं, कचेरीची भाषा तेलुगू, बाजाराची हिंदी आणि घरची मराठी, असा आमचा आदिलाबाद जिल्हा. त्यात इंग्रजीचे हे दोन शब्द बाईंनी कुठून आणून पेरले, ते सांगायला हवं. पण त्याआधी, ज्यांनी आयुष्यभर आकडे दाबूनच फोन लावला त्यांच्यासाठी थोडं. तेव्हा खेड्यातल्या फोनला आकडे नसत. बाजूची दांडी गरगर फिरवायची. ती फिरली की आमच्या बोर्डावर त्या गावाची पितळी झडप खट्कन पडायची. आम्ही शटर म्हणायचो तिला. त्याखालच्या भोकात दोरीचा प्लग खुपसायचा, कोण पाहिजे ते विचारायचं आणि दुसऱ्या दोरीचा प्लग त्या नंबरात. मधे आम्ही, कानाला हेडफोन लावून. तिकडच्या माणसानं रिसीव्हर जागेवर ठेवला की बोलणं तुटलं.

मी बाईंच्या शेजारच्या बोर्डावर. त्यांच्याकडे जिल्ह्यातल्या गावांच्या तारा, माझ्याकडे हैदराबाद आणि बाहेरगावचे ट्रंक कॉल. माझा स्वभाव असा, की समोरच्यानं दोनदा हॅलो म्हटलं तर माझं डोकं फिरायचं. सरकारनं मला ऑपरेटर का केलं हे मला अजून कळलेलं नाही.

बाई जैनथकडच्या. आईवडील दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. घरातली सरकारी नोकरीला लागलेली पहिली व्यक्ती म्हणजे ह्या. विहारात त्यांचा सत्कार झाला होता म्हणे, आणि भाषण करायला उभं केल्यावर त्या एकच वाक्य बोलून खाली बसल्या होत्या. कोणतं वाक्य, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या गोड होत्या असं मात्र मी म्हणणार नाही. त्या बोर्डावर असताना त्यांच्या दोऱ्यांना कुणी हात लावलेला खपायचा नाही. डब्यात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा असायचा. भाकर द्यायच्या, ठेचा द्यायच्या नाहीत. "तुमच्या पोटाले झेपत नाही, मंग दिवसभर इथं कण्हत बसता," म्हणायच्या. खरं होतं ते, म्हणून जास्त राग यायचा.

तर हँग ऑन. हे त्यांना खात्यानं शिकवलेलं नव्हतं. खात्यानं शिकवलं होतं, "होल्ड द लाइन, प्लीज." ऑपरेटरनं कोणत्या वेळी काय बोलायचं ते ठरलेलं असे, आणि तसंच्या तसं बोलावं लागे. पण हैदराबादच्या ट्रेनिंगमध्ये शिकवायला एक अँग्लो-इंडियन मॅडम होत्या. त्या वर्गात ठरलेलं इंग्रजी बोलायच्या आणि कँटीनमध्ये पुढं निघालेल्या मैत्रिणींना "हँग ऑन, हँग ऑन" अशा हाका मारत पळायच्या. बाईंनी वर्गातलं इंग्रजी परीक्षेपुरतं वापरलं आणि कँटीनमधलं सोबत घेऊन आल्या.

आमचे सुपरवायझर करीमनगरकडचे, तेलुगू माणूस. निवृत्तीला टेकलेले, मायाळू आणि अतिशय घाबरट. त्यांना हे पसंत नव्हतं.

"ये डिपार्टमेंट का लफ्ज नहीं है, बाई. हँग बोले तो फाँसी. पब्लिक को फाँसी बोलते क्या?"

"अकेला हँग फाँसी है, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "पीछे ऑन लगाए तो फाँसी निकल जाती."

ऑन एवढं ताकदवान असतं हे सुपरवायझरांना काही पटलं नाही. पण ते वाद घालणारे नव्हते. कपाळाला हात लावून ते आपल्या टेबलाकडे गेले.

वाद घालणारा मी होतो. मी म्हटलं, "बाई, साधं 'थांबा' म्हणायला काय जातं? जीभ झिजते का?"

"एक डाव म्हणून पाहा," त्या म्हणाल्या.

म्हणून पाहिलं. बाई जेवायला गेल्या होत्या, त्यांच्या बोर्डावर मी होतो. पेनगंगेकडच्या एका गावच्या पाटलाचा फोन आला, त्यांना इथला कापसाचा व्यापारी हवा होता. व्यापाऱ्याचा फोन लागेना. मी म्हटलं, "थांबा पाटील." तिकडं खट् असा आवाज झाला आणि सगळं गप्प. व्यापारी मिळाला तेव्हा पाटील गायब. पुन्हा त्यांना गाठलं, पुन्हा व्यापारी गेला. पुन्हा मी थांबा म्हटलं, पुन्हा खट्. शेवटी मी ओरडलोच. पाटीलही ऐकून घेणारे नव्हते. "तुमीच तं म्हनलं थांबा. मंग हातात धरून काऊन थांबू? ठेवलं जाग्यावर अन् बसलो बाजेवर!"

बाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "आपल्या लोकायची रीत हाये ते," त्या म्हणाल्या. "थांबा म्हनलं की मानूस हातातलं खाली ठेवते. डोक्यावर भारा असो नाही तं हातात रिसीव्हर. हँग ऑन म्हंजे तसं थांबनं नाही. हातातलं सोडायचं नाही. मी हाये इकडं, तुमी धरून राहा, असं हाये ते."

आता तुम्हीच सांगा, एवढं सगळं सांगणारा एक शब्द आपल्याकडे आहे का? असेलही. मला त्या दिवशी सुचला नाही.

ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं त्यांना बाईंनी हे शिकवलं. नवीन माणूस फोनवर आला की आधी धडा: "मी हँग ऑन म्हनलं की रिसीव्हर दोनी हातांनं धरायचा. कानाचा काढायचा नाही." म्हणून आमच्या खेड्यांत लोक भरला तांब्या धरावा तसा दोन्ही हातांनी फोन धरून उभे असायचे. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, काय साधी माणसं! साधी कसली, शिकवून तयार केलेली होती ती.

आणि एक नियम बाईंनी स्वतःला घालून घेतलेला होता. मोठ्या अधिकाऱ्याला हँग ऑन म्हणायचं नाही. "साहेबाले होल्ड द लाइन प्लीज, आपल्या मानसाले हँग ऑन. घरच्यासारखं बोलनं हाये ते, कचेरीत चालत नाही. उलटं केलं तं दोघायलेबी राग येते." हा नियम त्यांनी माझ्यासमोर एकदाच मोडला. त्या दिवसाबद्दल सांगायचं म्हणूनच खरं तर मी लिहायला बसलो.

पोळ्याच्या आदल्या दिवसाची दुपार होती. पाऊस उघडला होता, पण नाले भरून चाललेले. बाजारहत्नूरकडची तार सागाच्या जंगलातून जायची, आणि ओल्या दिवसांत तिच्यावरून येणारा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. त्या एका तारेवर मधल्या एका गावाचं, पोस्टमास्तरांच्या घरातच असलेलं पोस्ट होतं आणि पुढं डाक बंगला. एकाचं बोलणं चालू असलं की दुसऱ्याला तार नाही.

शटर पडलं. पोस्टमास्तर बोलत होते. जवळच्या पाड्यावरची एक दिवस भरलेली बाई बैलगाडीतून आदिलाबादला निघाली होती, पण नाल्याला पूर आला म्हणून गाडी गावातच अडकली. पोस्टमास्तरांच्या ओसरीवरच ती मोकळी झाली. मुलगी झाली, मुलगी चांगली आहे. पण आईचं रक्त थांबत नाही. गावात नर्स आहे, नुकतीच लागलेली पोर. तिनं होतं ते इंजेक्शन दिलंय आणि आता ती म्हणते, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फोनवर बोलवा.

पोस्टमास्तरांना कमी ऐकू यायचं. फोन खोलीतल्या भिंतीला ठोकलेला, त्याची वायर ओसरीपर्यंत पोचत नव्हती. नर्सचे दोन्ही हात अडकलेले. म्हणून फोनवर उभं केलं ते बाळंतिणीच्या नवऱ्याला. दारातून त्याला ओसरी दिसत होती. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा फोन कानाला लावला होता.

"भाऊ, मी डॉक्टरीणबाईले बलावून राह्यली," बाई म्हणाल्या. "हँग ऑन. दोनी हातांनं धरा, कानाचं काढू नका."

बाईंनी दवाखाना लावला. डॉक्टरीणबाई वॉर्डात होत्या, शिपाई बोलवायला गेला. आम्ही वाट पाहत होतो. माझा बोर्ड त्या वेळी रिकामा होता, म्हणून मीही त्यांच्या तारेवर कान लावला. तिकडून कुणीतरी बाई मोठ्यानं रडत होती, ती त्याची आई असणार. मधूनच लेकराचं रडणं.

"बाई, ठेवू का जराक? पाहून येतो तिले."

"नाही भाऊ. ठेवायचं नाही."

"तिचे डोये मिटून राह्यले वो बाई."

"तुमी ठेवलं तं आज तार पुन्हा लागन का नाही, भरोसा नाही. तिथूनच आवाज द्या तिले. नाव घेऊन हाक मारा. झोपू देऊ नका."

तो अगदी हळू म्हणाला, "नाव कसं घेऊ वो? माय बसली हाये सामने."

आमच्याकडे बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती, आणि आईबापांसमोर तर नाहीच. 'अवं' म्हणायचं, 'ऐकलं का' म्हणायचं. शेजारी बायको मरत असताना ह्या माणसाला लाज वाटत होती, आणि मला सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला. बाईंना आला नाही.

"माय काही म्हनत नाही," त्या म्हणाल्या. "घ्या नाव."

आणि मग हेडफोनमध्ये एवढ्या मोठ्यानं "सुमन!" असं आलं की मी दचकलो. "सुमन! ए सुमन! इकडं पाह्य!" त्याच्या आईचं रडणं एकदम थांबलं. बहुतेक त्या आश्चर्यानंच थांबल्या असाव्यात.

डॉक्टरीणबाई आल्या. त्या तेलुगू आणि हिंदी बोलायच्या, आणि तारेवरून त्यांचा आवाज पलीकडं अर्धाच पोचत होता. बाई मधे बसून एकेक वाक्य मराठीत, मोठ्यानं, पुन्हा सांगायला लागल्या. ते वाक्य तो नवरा दारातून नर्सला ओरडून सांगायचा. बेंबीच्या खाली हात ठेवा. जोर लावून चोळत राहा, हात थांबवू नका. लेकरू छातीशी लावा, पिऊ द्या. पोट हाताला नरम लागतं की घट्ट, ते सांगा.

"नरम हाये म्हंते."

"चोळत राहा म्हना."

"अजून नरमच हाये म्हंते."

"हात थांबवू नको म्हना तिले."

घट्ट लागलं पाहिजे, डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. घट्ट लागलं म्हणजे रक्त थांबेल. मी काही सांगत नाही तोवर फोन तोडायचा नाही.

नेमकी तेव्हाच माझ्या बोर्डावर हैदराबादची लाइन आली. लायटनिंग कॉल, बाजारहत्नूरकडच्या डाक बंगल्याला. लायटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी. चालू असलेलं बोलणं तोडून तार द्यायची असा नियम होता. कुणाचा कॉल, कशासाठी, हे ऑपरेटरनं विचारायचं नसतं. कुणा बड्या साहेबांचे पी.ए. बोलत होते, एवढं आवाजावरून कळलं.

मी बाईंना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. डावा पंजा मात्र त्या दोरीच्या प्लगवर गच्च ठेवला.

"तार रिकामी नाही," मी हैदराबादला कळवलं. तिकडून मला नियम ऐकवण्यात आला. माझं नाव विचारण्यात आलं. मग आमच्या सुपरवायझरांच्या टेबलावरचा फोन वाजला, आणि ते चप्पल न घालताच आमच्याकडे धावत आले.

"बाई, लायटनिंग है. निकालो प्लग."

"सर, बाई मर रही उधर."

सुपरवायझरांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. त्यांनाही लेकी होत्या. "वद्दम्मा," ते तेलुगूत म्हणाले, नको गं बाई, "नौकरी जाती. तुम्हारी भी, मेरी भी." पण प्लगकडे त्यांचा हात काही गेला नाही. ते तसेच माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

मला वाटत होतं बाई निर्धास्त आहेत. तसं नव्हतं. त्या नवऱ्याला "चोळत राहा म्हना" असं सांगून त्यांनी हेडफोनचा बोलायचा भोंगा हातानं झाकला आणि मला विचारलं, "भाऊ, तिकडंबी कोनाचा जीव अडकला असन तं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. साहेब म्हटलं की तिकडं काही महत्त्वाचं नसणारच, असं मी धरून चाललो होतो. बाईंनी तसं धरलं नव्हतं. पूर आलेला, नाले भरलेले. कदाचित वरचा एखादा तलाव फुटायला आला असेल, तेच कळवायचं असेल. एका माणसासाठी आपण गाव बुडवतोय की काय, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जे वाटलं त्याला मी आदर म्हणतो, दुसरा शब्द मला येत नाही.

"द्या मले त्यायची लाइन," बाई म्हणाल्या. उजव्या हातानं त्यांनी माझी दोरी ओढून आपल्या बोर्डात खुपसली. डावा पंजा होता तिथंच.

"साहेब, ऑपरेटर बोल रही. एक औरत की जान का सवाल है, वो लाइन पर है. आपका काम क्या है, बता दो. जान का होगा तो मैं अभी देती."

असं कुणी विचारल्याचं त्या पी.ए.नं आयुष्यात ऐकलं नसावं. तो ओरडायला लागला. मध्येच इकडं नवऱ्याचा आवाज आला, "बाई, बाई, हाये का तुमी?" आणि बाई घाईत हैदराबादला म्हणाल्या, "हँग ऑन!"

सुपरवायझरांनी डोळे मिटून घेतले.

नवऱ्याला "मी हाये, धरून राहा" एवढं सांगून बाई परत हैदराबादकडे वळल्या. "बोलो साहेब." आणि काय झालं कुणास ठाऊक, कदाचित इतका वेळ तिष्ठत ठेवल्यानं असेल, तो माणूस खरं बोलून गेला. साहेबांचा दौरा रद्द झाला होता. डाक बंगल्यावर स्वयंपाक करू नका, एवढं कळवायचं होतं.

बाईंनी एक मोठा श्वास सोडला. मग खात्यानं शिकवलेल्या आवाजात, सावकाश म्हणाल्या, "होल्ड द लाइन, प्लीज." आणि माझी दोरी काढून माझ्या हातात दिली.

इकडं पोट अजून नरमच होतं. सुपरवायझर एक स्टूल ओढून आमच्यामध्ये बसले. नवऱ्याचा आवाज बसत चालला होता, तरी तो मधूनच सुमन, सुमन करत होता. नर्सचे हात भरून आले, म्हणून आता सासू चोळायला बसली, असं त्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा विचारलं.

"हाताले लागून राह्यलं म्हंते," तो म्हणाला. "घट्ट होऊन राह्यलं म्हं..."

आणि तार मेली. खरखर नाही, काही नाही. बाईंनी घंटीची दांडी फिरवली, पुन्हा फिरवली. जंगलात कुठंतरी खांब पडला होता.

घट्ट होतंय म्हणजे चांगलं, डॉक्टरीणबाई दवाखान्यातून म्हणाल्या. पण परत सैल पडू शकतं, असंही म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

पोळ्याच्या दिवशी बाईंना सुट्टी होती, तरी त्या आल्या. आपल्या बोर्डावर बसून त्या बाजारहत्नूरच्या शटरकडे पाहत होत्या. बाहेर बैल सजवून चालले होते, वाजंत्री चालू होती. डबा आणला होता, उघडला नाही. मला म्हणाल्या, "आज ठेचा घ्या तुमी." मी घेतला नाही. कसा घेणार?

नाल्याचं पाणी उतरल्यावर आमचा लाइनमन त्या बाजूला गेला आणि त्यानं खांब उभा केला. शटर पडलं तेव्हा आम्ही दोघंही बोर्डावर होतो. बाईंचा प्लग भोकात जाईना. त्या समोर असताना मी पहिल्यांदाच त्यांच्या दोरीला हात लावला आणि तो बसवून दिला. त्यांनी लावू दिला.

पोस्टमास्तर होते. बाळंतीण वाचली होती. त्याच संध्याकाळी रक्त थांबलं, पाणी उतरल्यावर जीपनं तिला दवाखान्यात हलवलं. हे सांगून झाल्यावर पोस्टमास्तर जरा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "बाई, तो तिचा नवरा! तार मेली तरी फोन सोडेच ना. मी म्हनलं, अबे आवाज बंद झाला, ठेव आता. तं म्हने, बाईनं सोडू नको म्हनलं हाये. सांजच्यापारी नर्सनं येऊन सांगतलं, रगत थांबलं, तवा सोडला त्यानं. बोटं सरळ होत नव्हते त्याचे."

बाईंनी हेडफोन काढला, बोर्डावर कपाळ टेकवलं आणि रडल्या. मोठ्यानं, नाक ओढत, लाज न बाळगता. सुपरवायझर पाणी घेऊन आले आणि पेला हातात धरून उभेच राहिले.

मेमो यायचा तो आलाच. त्यात प्लग न काढल्याचा उल्लेख ओझरता होता. मुख्य तक्रार होती ती वरिष्ठांशी बोलताना असभ्य भाषा वापरल्याची. त्यावर आमच्या सुपरवायझरांनी, त्या घाबरट माणसानं, स्वतः उत्तर लिहून पाठवलं, की हँग ऑन हे सभ्य इंग्रजी असून त्यातल्या ऑनमुळे फाशीचा अर्थ उरत नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही. बाईंची निर्मलला बदली झाली. रोज घरी जाणं सुटलं, तिथं खोली घेऊन राहावं लागलं. जाताना त्यांनी मला ठेच्याची एक बरणी दिली आणि "जपून खाजा" म्हणाल्या.

पुढं बोर्ड गेले, यंत्रं आली. दोऱ्यांचं काम संपलं आणि मला फोन बसवायच्या, दुरुस्त करायच्या कामावर घेतलं. त्या कामासाठी मी एकदा त्याच गावात, त्याच पोस्टमास्तरांच्या घरी गेलो. ते राहिले नव्हते, मुलगा होता. मी भिंतीवरचा जुना फोन काढत होतो, तेवढ्यात शेतातून थेट आलेली एक बाई दारात उभी राहिली. कमरेला कापसाची ओटी बांधलेली, अर्धी भरलेली.

"आदिलाबादच्या टेलिफोनातून आले ना तुमी? मी सुमन," ती म्हणाली. "त्या बाई कुठं असते आता? माह्या मालकानं त्यायचा आवाज तरी ऐकला, मी तं शुद्धीत नव्हती. पोरीचं लगन ठरलं हाये, मले त्यायले न्योतं द्यायचं हाये."

बाईंना जाऊन तेव्हा दोन पावसाळे झाले होते. निर्मललाच, आजारपणात. मी ते सांगितलं. ओसरीच्या पायरीवर ती खाली बसली. ओटीतला थोडा कापूस सांडला, तो तिनं वेचून परत ओटीत घातला.

मग तिनं विचारलं, "कशा दिसे वो त्या?"

मी सांगायला लागलो. सावळ्या होत्या, म्हटलं. ठेंगण्या. केस चापूनचोपून तेल लावलेले. हनुवटीवर गोंदलेला हिरवा ठिपका. आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की मला बाईंची एकच बाजू नीट ठाऊक आहे. इतकी वर्षं आम्ही शेजारी शेजारी, समोर बोर्डाकडे तोंड करून बसलो. तरी जेवढं आठवत होतं तेवढं मी सांगत गेलो. कानाच्या पाळीला पडलेला हेडफोनचा घट्टा. राग आला की फुगणारी नाकपुडी. हसताना आधी खांदा हलायचा आणि मग आवाज यायचा, ते.

सुमननं ऐकता ऐकता डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं आता पुरे, म्हणून मी थांबलो.

"सांगा," डोळे न उघडता ती म्हणाली, "आजून सांगा."

हातातला स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवून मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.